बंद खोलीतली माती

मी एक जुनी माती आहे. हसू नका, मित्रांनो. माती जुनीच असते, त्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण माझा जन्म काही डोंगरात किंवा नदीकाठी झालेला नाही. जर्मनीतल्या एर्लांगेन गावाबाहेर एक बाउमार्क्ट आहे. खिळ्यापासून दारापर्यंत घराचं सगळं सामान मिळतं, तसलं मोठं दुकान. तिथं मी प्लास्टिकच्या पिशवीत बसून होते. पिशवीवर लालभडक फुलांचं चित्र होतं आणि आत मी होते, काळी, भुसभुशीत आणि पार निर्जीव. वाळवून, चाळून भरलेली. माझ्यात ना किडा होता, ना बुरशीचा धागा. स्वच्छ असणं म्हणजेच चांगलं असणं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मला विकत घेतलं क्रांतीनं. ती मूळची नागपूरची. एका कंपनीत शरीराच्या आतली चित्रं काढणाऱ्या यंत्रांवर संशोधन करायची. तसल्याच एका यंत्रात एके दिवशी तिला स्वतःलाच झोपावं लागलं, आणि चित्रात मेंदूवर पांढरे ठिपके दिसले. मल्टिपल स्क्लेरॉसिस. मज्जातंतूंचा हा आजार. तिचे पाय लाकडासारखे ताठ व्हायचे, मांड्यांत पेटके यायचे. तिची सायकल तळघरात धूळ खात पडली आणि हातात काठी आली. नाना औषधं झाली. पायांना उतार पडला तो एकाच गोष्टीनं, गांजाच्या फुलांनी.

आता गांजा म्हटल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या असतील. तिथंही गेल्या होत्या. तेव्हा जर्मनीतही तो घरी लावणं गुन्हाच होता. पण क्रांतीनं सरकारशी चिवटपणे भांडून, स्वतःच्या औषधापुरती मोजकी झाडं लावायची परवानगी मिळवली. फार थोड्यांना मिळाली तशी. अटी कडक होत्या. खोलीला भक्कम कुलूप, किल्ली फक्त तिच्याजवळ, आणि झाडांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

अशा रीतीनं मी जाड कापडाच्या कुंड्यांत, कुलपाआड, दिव्यांखाली येऊन पडले.

क्रांतीचा नवरा उज्ज्वल इंजिनिअर. झाडांना हात लावायचा नाही म्हटल्यावर तो दाराबाहेर उभा राहून सूचना द्यायचा. "आल्झो, निळ्या बाटलीतलं एक झाकण, हिरवीतलं दीड!" आल्झो म्हणजे तिकडचं 'हं, तर मग'. बाटल्यांत द्रवरूप खतं होती. माझ्यात रोज क्षार ओतले गेले. माझ्या अंगावर पांढरी पापडी धरली, पानांची टोकं करपली आणि फुलं धरायच्या आधीच झाडं माना टाकून बसली.

"माती खराब निघाली," उज्ज्वल म्हणाला. "बिओटोनेत टाकू, नवीन आणू." बिओटोने म्हणजे ओल्या कचऱ्याचा तपकिरी डबा. माझं आयुष्य तिथंच संपायचं.

"थांब रे," क्रांती म्हणाली. "मातीचा काय दोष? तिला जेवायला कुठं दिलं आपण? नुसती सलाईन लावली."

मित्रांनो, तिला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती वाचून, बघून, चुकून शिकली. बुटक्या स्टुलावर बसून तिनं मला उपसलं आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं धुऊन काढलं, कारण तिथल्या नळाला चुन्याचं पाणी येतं. मग माझ्यात कुजलेला पालापाचोळा मिसळला. मासे पकडणाऱ्यांच्या दुकानातून गांडुळं आणली. चहाचा चोथा, केळीची सालं, अंड्यांच्या टरफलांचा चुरा, सगळं माझ्या पोटात. वरून पेंढ्याचं पांघरूण. पूर्ण हिवाळा तिनं माझ्यात औषधाचं एकही रोप लावलं नाही, नुसता लसूणघासाचा पाला वाढवला आणि माझ्यातच मिसळला.

"क्रांती, पाय तुझे दुखतायत आणि तू पालनपोषण करतेस गांडुळांचं?" उज्ज्वल विचारायचा.

"गेनाऊ," ती म्हणायची, म्हणजे अगदी बरोबर. "ती जगली तर मी चालेन."

हळूहळू माझ्यात काहीतरी हललं. पांढरे धागे पसरले, गांडुळांनी बोगदे खणले, माझ्या अंगाला पावसानंतरच्या रानाचा वास येऊ लागला. तेव्हा कळलं, मी एकटी कधी नसतेच. माती म्हणजे अख्खं गाव असतं, तेही न भांडणारं. वसंतात लावलेली झाडं अशी तरारली की उज्ज्वलच्या दाराबाहेरच्या सूचना बंद झाल्या. पहिली फुलं वाळली, ती तापवून त्यांची वाफ ओढायचं औषध सुरू झालं तसा क्रांतीच्या चालीतला ताठरपणा सैल झाला. ती कोपऱ्यावरच्या बेकरीत एकटी जाऊन आली. पाव घेऊन ती आधी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, जमलं गं तुला." मातीला शाबासकी देणारं माणूस मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

उन्हाळ्यात गयाबाई आल्या. उज्ज्वलच्या आई, नागपूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सांगितलं होतं, खोलीत औषधी झाडं आहेत. त्यांनी बॅग ठेवली, नाक वर केलं आणि थेट माझ्या दारापुढे येऊन थांबल्या. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"हा वास विष्णूच्या शर्टाला यायचा."

विष्णू त्यांचा धाकटा भाऊ. आधी गांजा, मग जे मिळेल ते. पुढे भाऊ गेला आणि वास तेवढा त्यांच्या नाकात राहिला.

"आई, हे औषध आहे," क्रांती म्हणाली. "सरकारची परवानगी आहे."

"परवानगी दारूच्या दुकानालाही असते. आपल्या घरात पंचशील म्हणतात, क्रांती."

झालं. रोज सकाळी गयाबाई बुद्धमूर्तीपुढे वंदना म्हणायच्या. नशेपासून दूर राहायचं पाचवं शील आलं की तोंड माझ्या कुलपाकडे आणि आवाज एक पट्टी वर. असं वाटायचं, मीच वर्गात उशिरा आलेली मुलगी आहे.

मग क्रांतीनं असा वेडेपणा केला, जो फक्त आपल्याकडची सूनच करू जाणे.

"आई आहेत तोवर बंद," तिनं भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात उज्ज्वलला सांगितलं. "औषध बंद, खोली बंद."

"अगं, तुझे पाय?"

"त्यांनी भाऊ घालवलाय. मी त्यांच्या नाकासमोर ती वाफ घेऊ?"

"आणि मी बायको घालवू?"

"बायको कुठं जात नाही. चालताच येत नाही, तर जाणार कुठं?"

कुलूप उघडेना. पाणी थांबलं. मी कडांपासून आक्रसले, मग मधोमध तडकले. गांडुळं तळाशी जाऊन गोळा झाली. झाडांची पानं लोंबली. मला माझी चिंता नव्हती, मित्रांनो, माती फार सोसते. पण भिंतीपलीकडून काठीचा आवाज दिवसेंदिवस जड होत होता, आणि हे औषध दुसरं कुठं मिळणार नव्हतं.

एका सकाळी भांडं पडल्याचा आवाज आला. पोह्यांची कढई होती. मागोमाग क्रांती पडली. तिचे दोन्ही पाय ताठ झाले होते. गयाबाई ते वाकवायला बघत होत्या आणि पाय वाकत नव्हते.

"अगं, हे काय? हे कधीपासून?"

बोलला तो उज्ज्वल. "तू आल्यापासून तिनं औषध घेतलेलं नाही, आई."

"का?"

"तुझ्यासाठी."

मग गयाबाईंचा शाळेतला आवाज आला. "मूर्ख."

"कोण, आई?"

"तिघंही. उठव तिला."

किल्ली फिरली. उज्ज्वलच्या टेबलाजवळच्या चाकांच्या खुर्चीत क्रांतीला बसवून गयाबाईंनी आत ढकललं. मी मनाशी म्हटलं, आता उपटणार. त्या सुकलेल्या झाडांसमोर उभ्या राहिल्या. पदराचं टोक त्यांच्या मुठीत गच्च होतं.

"तो घेऊन पडायचा," त्या म्हणाल्या. "तू न घेता पडलीस."

"आई, तुम्हाला त्रास होणार असेल तर..."

"त्रास होतोच आहे. बादली कुठं आहे?"

त्यांनी पाणी एकदम ओतलं. मी इतकी कोरडी होते की ते कडेकडेनं वाहून गेलं. मग त्या खाली बसल्या आणि ओंजळीओंजळीनं, थांबून थांबून पाजू लागल्या. बोटांनी माझ्या भेगा मिटवू लागल्या.

"आई, झाडांना हात लावायचा नाही हं. परवानगीत तसं लिहिलंय."

"तुझ्या सरकारनं सांगायच्या आधीच मी ठरवलंय. झाडाला मी हात लावणार नाही. मातीला लावते."

तेवढ्यात तळाशी लपलेलं एक गांडूळ पाण्याच्या वासानं वर आलं आणि त्यांच्या करंगळीवर चढलं. त्यांनी झटकलं नाही. "मेलं नाही अजून," त्या म्हणाल्या. कुणाबद्दल, ते मी विचारलं नाही.

काही झाडं गेली, काही तगली. क्रांतीनं औषध पुन्हा सुरू केलं. गयाबाई रोज तिच्याबरोबर आत यायच्या, खाली बसायच्या, चहाचा चोथा पेंढ्याखाली सारायच्या. झाडाच्या पानाला त्यांचं बोट कधी लागलं नाही. "पटलंय असं समजू नकोस," त्या बजावायच्या. "भान जातं का राहतं, ते मी बघतेय." क्रांती त्यांच्याबरोबर बेकरीपर्यंत चालत गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी वंदनेतलं पाचवं शील बाकीच्या चारांइतक्याच आवाजात ऐकू आलं.

पुढे कायदा बदलला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेच औषध आपोथेकेत, म्हणजे औषधाच्या दुकानात, डब्यातून मिळू लागलं. घरातल्या झाडांची परवानगी संपली. झाडं गेली, दिवे गेले, कुलूपही निघालं. उज्ज्वलनं माझ्या कुंड्या पुन्हा बिओटोनेकडे ओढल्या. सवय, दुसरं काय!

"बाल्कनीत," क्रांती म्हणाली. "आणि ओढू नकोस, उचल. आत माणसं राहतात."

म्हणून, मित्रांनो, एकच मागणं आहे. एखाद्या कुंडीतलं रोप गेलं, तर मातीवर खापर फोडून ती फेकू नका. तिला जेवू घाला, पांघरूण द्या, थोडं थांबा. थकलेलं आणि मेलेलं यांतला फरक हात लावल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या वसंतात गयाबाई आल्या त्या रुमालाच्या गाठीत मेथीचे दाणे घेऊन. ते माझ्यात पेरले. जर्मनीच्या थंडीला शिव्या देत मेथी उगवली, हातभर पसरली. क्रांती काठी न घेता बाल्कनीच्या दाराशी येऊन उभी राहिली. गयाबाई खाली बसल्या, सवयीनं आधी मला चाचपलं, ओल पाहिली. मग हात जरासा थबकला.

आणि त्यांनी पहिल्यांदाच माझ्यातल्या झाडाला हात लावला.