अकराशे चाळीस पानं

उपेंद्रकाकांचा भाचा देवव्रत पुण्याहून आला आणि पहिलं वाक्य मला काय बोलला, तर "दहावी तरी झालीस का?"

"नाय. शाळा सोडली."

"मग जरा लांब बस. हे कोडिंग आहे."

बसले लांब. स्क्रीन तिथूनही दिसत होती.

काका पंचवटीतले तीर्थपुरोहित, मी त्यांच्याकडे मदतीला. गावाकडची माणसं गोदावरीवर विधीला आली की काका वहीतून त्यांच्या आजा-पणजाची नावं वाचून दाखवतात आणि नवीन पोरांची नावं खाली लिहून घेतात. यंदा चुलतभावाशी वाटणी झाली. शेत वाटतात तशा ह्यांनी वह्या वाटल्या. बागलाणकडच्या सगळ्या वह्या चुलतभावाकडे गेल्या. ठरलं असं की वह्या त्यांच्या, फोटो काकांचे. नऊ दिवस मान मोडून ते फोटो मी काढले. अकराशे चाळीस पानं. कुठल्या फोटोत कुठलं गाव, कुठलं आडनाव, त्याची यादीही मीच टाईप केली. दहावी न होता.

कॅमेरा फोटोंना नुसते नंबर देतो. काकांना नावं हवी होती.

"गाव आणि आडनाव," काका म्हणाले. "वहीत असतं तसं. घराणं एक, नाव एक."

"काका, वीरगावच्या देवऱ्यांची एकट्यांची चौदा पानं हायेत. चौदा फायलींना एकच नाव कसं देणार?"

"वहीत देतोच ना?"

वहीत एका नावाखाली पन्नास वर्षं लिहीत बसा, कागद वाढत जातो. फोल्डरमध्ये एका नावाची एकच फाईल बसते. हे त्यांना कोण सांगणार. मी देवव्रतकडे बघितलं.

"तसं झालं तर सिस्टिमच अडवते," तो म्हणाला. "एरर येतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर बघितलंय मी."

"पण काकांच्या कॉम्प्युटरवर तर तुम्ही मागच्या खेपेला लिनक्स टाकलंय."

"तुला कळतं का लिनक्स म्हणजे काय?"

"तुम्हाला कळतं ना? मग आधी कॉपी काढा."

"मामा, हिला चहा सांगा."

चहा मी केला नाही.

त्याचा प्रोग्राम होता सात ओळींचा. यादी वाचायची आणि प्रत्येक फोटोमागे सिस्टिमला सांगायचं, ह्याचं नाव बदलून हे कर. ऑफिसच्या लॅपटॉपवरचं विंडोज त्या नावाची फाईल आधीच असेल तर नकार देतं. लिनक्स देत नाही. जुनी उडवतं, नवीन तिच्या जागी बसवतं, आणि चूं करत नाही.

त्यानं बटण दाबलं. पापणी लवायच्या आत झालं.

"बघ. एकही एरर नाही," देवव्रत खुर्चीत मागे रेलला.

मी उठून फोल्डरखालचा आकडा वाचला. "सहाशे अकरा."

"काय सहाशे अकरा?"

"फायली. अकराशे चाळीस होत्या."

"डुप्लिकेट असतील, ते गेले."

देवऱ्यांची फाईल उघडली. चौदावं पान. आधीची तेरा गायब. प्रत्येक घराण्याचं तेच, शेवटचं पान तेवढं उरलं होतं. पणजे गेले, परवा जन्मलेली राहिली. कचऱ्याचा डबाही रिकामा. डिलीट केलेली फाईल तिथं सापडते, ही डिलीट केलीच नव्हती कुणी. कॅमेऱ्याचं कार्ड बघावं, तर ते ह्याच शहाण्यानं आल्या आल्या ट्रेकला न्यायचं म्हणून फॉरमॅट केलेलं.

काकांचा चेहरा उतरला. पुढच्या पंधरवड्यात वीरगावची माणसं येणार होती. त्यांना काय वाचून दाखवणार, परवा जन्मलेलं पोर?

देवव्रत मोबाईल चाळायला लागला. मग म्हणाला, "फोटोच नीट नसतील काढले हिनं."

मी टेबलावरची छापलेली यादी त्याच्या मांडीवर टाकली. "मोजा. येतं ना मोजता?"

त्यानं यादी परत टेबलावर ठेवली.

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुधावहिनींकडे जा. सांग, फोटो हलले, परत काढायचेत. तू लहान आहेस, तुला काय बोलणार त्या?"

"माझे फोटो हलले नव्हते."

"अगं, सांगायला काय जातंय?"

"माझं जातंय."

कॅमेरा उचलला आणि गेले. काकांसाठी नाही. वीरगावचा तो पहिला म्हातारा, अठराशे नव्वदला सही म्हणून बैलाचं चित्र काढलेला, तो मी स्वतः टिपला होता.

सुधाकाकू म्हणजे त्या चुलतभावाची बायको. दार त्यांनीच उघडलं. मी झालं ते सगळं सांगितलं, प्रोग्राम, एक नाव, सगळं.

"इंजिनियर आहे ना तो?" काकूंनी विचारलं.

"हो."

"उपेंद्रभावजींनी काय निरोप दिलाय?"

"फोटो हलले म्हणून सांग म्हणाले."

काकू आत गेल्या. वह्यांचं पहिलं गाठोडं आणून टेबलावर ठेवलं.

"बस. पण त्यांना सांग, फोटो न्यायला स्वतः यायचं."

"नऊ दिवस लागतील."

"मग नऊ दिवसांनी येतील."

मी गाठोडं सोडलं. पहिल्या फोटोच्या नावात आधी पानाचा नंबर घातला, मग गाव, मग आडनाव.