तोंडाला काय होतं?

नवरा गेल्यापासून तिला वास येत नव्हता. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि नाक ठणठणीत असल्याचं सांगितलं. दूध करपलं तरी शेजारीण ओरडेपर्यंत कळायचं नाही. तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. वाईट वाटण्याचं खातंच बहुधा बंद पडलं होतं.

आणि अशा बाईने वाइन शिकायला घेतली!

कारण साधं होतं. वाइनच्या दुकानामागच्या गोदामात ती दुपारपासून खोकी भरायची. घरी पोचेपर्यंत लेक झोपलेली असायची. सकाळी शाळेची घाई. मायलेकींची गाठ वेणी घालण्यापुरतीच. पुढच्या काउंटरवर दिवसाची जागा रिकामी झाली, तशी ती मालकीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"देते जागा," मालकीणबाई म्हणाल्या. "पण गिऱ्हाइकाला वाइन समजावून सांगता आली पाहिजे. महिनाअखेर परीक्षा घेईन."

शिकवायला काउंटरवरचे काका. भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर पेले आणि थुंकायला एक भांडं. तिने पहिला घोट गिळला. दुसराही गिळला. तिसऱ्याला काकांनी कपाळावर हात मारला.

"अगं, चव घेऊन थुंकायचं!"

"तुमच्यासमोर?"

"नाही, मी डोळे मिटून घेतो! गिळत बसलीस तर फ्रान्सला पोचायच्या आत आडवी होशील."

ती थुंकायला शिकली. थंड मुलखातली द्राक्षं आंबटपणा सोडत नाहीत. उन्हात तापलेली गोड होतात आणि त्या गोडीची दारू जोरकस होते. जाड सालीची काळी द्राक्षं वाइनला तुरटपणा देतात. हे तिला समजलं. वास मात्र तिने पाढ्यांसारखे घोकले. लाल वाइनला चेरी, मिरी. पांढरीला ओला दगड.

लेकीला सांभाळणारी नणंद परीक्षा घ्यायची. "वहिनी, ओल्या दगडाला वास असतो?"

"असेल."

"आणि लोक पैसे मोजून तो पितात? धन्य आहे बाई!"

परीक्षेच्या दिवशी मालकीणबाईंनी तीन पेले मांडले. तिने पहिल्यात नाक घातलं. काही नाही. पाण्यात घातल्यासारखं. मागून काका खाकरले, म्हणजे घोकलेलं म्हण.

"चेरी," ती म्हणाली. "मिरी."

मालकीणबाईंनी पेल्याकडे पाहिलं. मग तिनेही पाहिलं. वाइन पांढरी होती.

"तुला वास येतच नाही ना?"

"नाही."

"कधीपासून?"

"नवरा गेल्यापासून."

काका उगाचच बाटल्या सरळ करू लागले. मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "वासाचं राहू दे. घोट घे आणि तोंडाला काय होतं तेवढं सांग."

तिने घोट घेतला, थुंकला. "जिभेच्या कडांना पाणी सुटलं. सुटतंच आहे. थंड मुलखातली."

दुसरा. "हिरड्या ओढल्या गेल्या. गाल आतून सुकले. जाड सालीची."

तिसरा. "थुंकली तरी घसा ऊन राहिलाय. ही उन्हातली."

"देश नाही सांगितलास."

"नाही येत सांगता."

"गिऱ्हाइकाला तरी कुठे येतो? तोंडाला काय होतं ते मात्र त्याला कळतं." मालकीणबाईंनी पेले उचलले. "सोमवारपासून पुढे ये. वासाचं काकांना विचारत जा. आणि पांढरीत चेरी घालू नकोस बाई!"

"बरं," ती म्हणाली. काका हसत होते, म्हणून तीही हसली.

सोमवारी ती दिवेलागणीला घरी पोचली. "घे गं बाई तुझा दागिना, मी सुटले!" नणंद म्हणाली खरी, पण दारात चप्पल घालायला तिला फार वेळ लागला.

जेवणं झाली. लेक भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. ती शेजारी टेकली आणि पाठीवर थोपटू लागली.

"असं नाही. आत्या असं नाही करत."

"मग कसं करते?"

पोरीने न वळताच आईचा हात धरला आणि दंडावर नेऊन ठेवला. "इथे. हळू."

"असं?"

"अजून हळू."

तिने हात हलका केला. पोरीने तो झटकला नाही. मग तिने विचारलं, "उद्या पण तूच?"

"उद्या पण मीच."

पोरीने थोडा विचार केला.

"मग येईल तुला," ती म्हणाली.