दीड हाताच्या बांधावर फटफटी

एकोणीसशे चौतीसच्या वैशाखात, भर दुपारी दोन वाजता, रतनशेठची फटफटी माझ्या आत्याच्या मिठागरात येऊन मेली. जागा अशी निवडली की शत्रूलासुद्धा सुचली नसती. दोन वाफ्यांमधला बांध, रुंदी दीड हात. त्यावर माणसं एकामागून एक चालतात, आणि समोरून कुणी आलं तर एकाने मागं फिरायचं असतं. फटफटीला मागं जाता येत नाही, हे रतनशेठना बांधाच्या बरोबर मधोमध पोचल्यावर आठवलं.

रतनशेठ एका पेढीसाठी मीठ पसंत करत. पांढरं असेल तर "लई सरस" म्हणत, मातकट असेल तर काहीच न बोलता पुढच्या आगरात जात. आजवर ते चालत यायचे. गेल्या महिन्यात फटफटी घेतल्यापासून त्यांनी पाय वापरणं बंद केलं होतं. बांधातल्या एका दगडाला इंजिनाचं पोट घासलं, पोटाखालचं झाकण वाकलं, आणि तेल गळायला लागलं. थेंब... थेंब. बांधाला दोन्हीकडे उतार, आणि उतार जिथं संपतो तिथं आत्याचं मीठ.

आता ह्या मिठाचं सांगायला हवं. माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, आदल्या दिवाळीत वारले. आगराचे मालक दत्तात्रेयपंत म्हणाले, बाईनं एक साल करून दाखवावं, मग बघू. मुकादम बुधाजी म्हणाला, बाईच्या हातनं पांढरं मीठ निघत न्हाय. आणि मग नशिबानेच ठरवलं की बुधाजीचं म्हणणं खरं करू या. पहिल्या दोन खेपा मातकट निघाल्या. ही तिसरी आणि शेवटची. मीठ तयार होऊन पाण्याखाली चार बोटं निजलेलं होतं, संध्याकाळी ओढायचं होतं. हेही काळं निघालं तर वाफा पुढच्या सालापासून दुसऱ्याचा.

आणि त्या मिठात आता फटफटीचं तेल जायची तयारी चालली होती.

आत्या सगळ्यांच्या आधी पोचली. तिनं बांधावर बसून झाकणाखाली नारळाची करवंटी धरली आणि मान वर न करता म्हणाली, "भाग्या, तू मुंबईला फटफट्या दुरुस्त करत व्हतास ना?"

मी मुंबईला सात महिने एका गॅरेजात होतो. फटफट्या दुसरेच दुरुस्त करायचे, मी सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचो. गावात मात्र काहीतरी वेगळी समजूत पसरली होती, आणि ती कुणी पसरवली ते मला नक्की आठवत नाही.

"व्हय आत्ये," मी म्हणालो.

"मग कर."

"ढकलून नेऊ की," मागून बुधाजी म्हणाला. तो बांधाच्या तोंडाशी उभा होता, कमरेवर हात ठेवून, मुकादमासारखा.

"ढकललीस तर बांधभर थेंब पडतील," आत्या म्हणाली. "आनि बाजूनं धरायला कुठं उभा ऱ्हाशील? वाफ्यात? पाय घालून बघ तू."

वाफ्यात पाय घातला की तळाचा चिखल उठतो आणि मीठ काळं होतं. हे बुधाजीनंच तिला दहा वेळा सांगितलं होतं. त्यानं कमरेवरचे हात काढले.

तेव्हा करायचं एवढंच होतं: इंजिनाच्या पोटातल्या टाकीतलं सगळं तेल काढायचं, झाकण उघडायचं, आतली तेल गाळायची जाळी बदलायची, झाकण आणि इंजिन यांच्या मधली फाटलेली चकती नवी घालायची. बाहेर एक थेंब न पाडता. दीड हाताच्या बांधावर. गॅरेजात हेच काम करताना उस्ताद जमिनीवर गोणपाट टाकायचा, वर भुसा टाकायचा, आणि संध्याकाळी मी ते सगळं झाडायचो. झाडायचा मला अनुभव होता. न सांडायचा नव्हता.

"शेठ, हँडल धरा. हलू नका."

"हूं तो हलतो ज नथी," रतनशेठ म्हणाले आणि हलले. फटफटी खाडीकडच्या वाफ्यावर झुकली, आत्यानं श्वास घेतला, फटफटी परत सरळ झाली. मग आम्ही मिठाच्या पाट्या वाहायची फळी आणून मागच्या चाकाच्या घोडीखाली घातली. रतनशेठ पुढं हँडल धरून, काळी मखमली टोपी सरळ करून, फोटो काढायला उभे राहावं तसे उभे राहिले.

भांडं पाहिजे होतं रुंद आणि बुटकं, कारण इंजिन आणि बांध यांत एक वीतसुद्धा जागा नव्हती. आत्याची पितळेची परात नेमकी बसली. ती परात तिच्या लग्नातली होती. तिनं ती लगेच दिली, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

एक गोष्ट मला खरंच माहीत होती. टाकीचं बूच काढलं की तेल सरळ खाली पडत नाही. आधी धार लांब उडते, हळूहळू जवळ येते, आणि शेवटी बुचाच्या खाली पडते. उस्तादाच्या विजारीवरून मी हे शिकलो होतो.

"आत्ये, परात आधी लांब धर. मी सांगेन तशी जवळ आन."

"सांग."

शेठच्या पिशवीतला पाना लावला. बूच ढिलं केलं. शेवटचे दोन आटे बोटांनी, बूच आत दाबून ठेवत ठेवत. मग ओढलं.

धार उडाली. काळी, गरम, हातभर लांब. परातीच्या काठापासून दोन बोटं आत ती पडली, आणि ती दोन बोटं आत्यानंच आधी ओळखून ठेवली होती.

"जवळ. थोडी जवळ. आत्ये, जवळ!"

"आरडू नको, दिसतंय मला."

परात सरकत आली. धार बारीक झाली, दोरा झाली, मग थेंब. परात काठोकाठ भरली होती. पश्चिमेकडचा वारा नुकताच सुटायला लागला होता आणि तेलावर बारीक लाटा उठत होत्या.

"हिला हितनं न्या कुनी," आत्या म्हणाली.

बुधाजीकडे सगळ्यांनी बघितलं. त्यानं मागं बघितलं, मागं कुणीच नव्हतं. मग तो बांधावर आला, उकिडवा बसला, परात उचलली आणि उलट फिरून चालायला लागला. मी आयुष्यात बरीच माणसं चालताना बघितली आहेत. कुणी इतकं मन लावून चाललेलं बघितलं नाही. तिथून बांधाचं तोंड पन्नास पावलांवर. प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी तो पायाच्या अंगठ्यानं माती चाचपायचा.

"मुकादम, मेण्यात बसवलंय की काय तिला!" मी म्हणालो.

"भाग्या, तुझी जीभ..." पण रागावल्यानं परात हलते हे त्याच्या लक्षात आलं, आणि वाक्य तिथंच राहिलं.

इकडे झाकणातून अजून थेंब पडतच होता.

"गलतंय अजून," आत्या म्हणाली.

टाकी रिकामी, तरी गळतंय. ह्याचा अर्थ काय ते उस्तादाला लगेच कळलं असतं. मला वाटलं, राहिलं असेल चमचाभर. करवंटी पुरेल. मी करवंटी धरली, झाकणाचे चार नट सोडवले, आणि झाकण खाली ओढलं.

जाळी ज्या कप्प्यात बसते त्या कप्प्यात स्वतःचं वेगळं तेल असतं. टाकी रिकामी केली तरी ते तिथंच बसून राहतं. किती? चांगलं पेलाभर. हे सगळं मला त्या क्षणी, एकदम, सविस्तर समजलं.

करवंटी भरली. ओतू लागली. परात बांधावर तिसाव्या पावलाला होती. आत्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, हात वर केला आणि रतनशेठच्या डोक्यावरची टोपी काढून जाळीखाली धरली.

टोपीत तेल पडल्याचा आवाज होत नाही. तेवढंच बरं.

"अरे, अरे बाई! मारी टोपी!" रतनशेठ ओरडले.

"धरून ठेवा शेठ, हलू नका," मी म्हणालो.

पण माणसाचं आपल्या टोपीवर प्रेम असतं. शेठनी एक हात हँडलवरून काढला, खाली वाकले आणि टोपीचा काठ धरून ओढला. आत्यानं सोडला नाही. टोपी क्षणभर दोघांच्या मध्ये ताणली गेली, एका बाजूला कलली, आणि तिच्या काठावरून सावकाश, एखाद्या गोगलगाईनं निघावं तसं, दोन चमचे तेल बांधाच्या उतारावरून आत्याच्या वाफ्यात उतरलं.

पाण्यावर आधी एक काळा ठिपका दिसला. मग तो पसरला, पातळ झाला, आणि मोराच्या पिसातले रंग दाखवू लागला. इतकी वाईट गोष्ट इतकी सुंदर दिसावी, हे मला पटलं नाही. थाळीएवढा. सुपाएवढा. खाली पांढरं मीठ निजलेलंच होतं.

मी वाफ्यात उडी मारायला पाय उचलला.

"पाय खाली ठेव, न्हायतर तोडीन," आत्या म्हणाली. आवाज अगदी हळू. "तेल पान्यावर हाय. मिठावर न्हाय. अजून न्हाय."

"मग काढायचं कसं?"

"आपन न्हाय काढायचं. वारा काढंल."

ती उठली. टोपी तिनं माझ्या हातात दिली, मी ती दोन्ही हातांनी धरली. शेठ आता हलत नव्हते, टाळूवर ऊन घेत उभे होते. आत्या बांधाच्या कडेनं खाडीच्या उलट दिशेच्या कोपऱ्यात गेली आणि बसून राहिली. वारा पश्चिमेकडून येत होता, आणि तेलाचा तवंग तिच्या कोपऱ्याकडे सरकायला लागला होता. पण इतका हळू की बघून छाती दुखावी. वारा पडला की तो थांबायचा. परत सुटला की निघायचा. मधेच त्याची एक जीभ फुटून वेगळी झाली आणि वाफ्याच्या मध्याकडे वळली. आत्यानं बांधावर पडलेली भाताच्या पेंढ्याची एक लांब वेणी पाण्यावर आडवी सोडली, दोन्ही टोकं हातात धरून, आणि ती इतक्या अलगद ओढली की पाण्यावर सुरकुतीही उठली नाही. चुकार जीभ मुकाट्यानं कळपात परतली.

पलीकडे बुधाजी पस्तिसाव्या पावलाला परात धरून उभा होता. त्याला बसता येत नव्हतं, परात खाली ठेवता येत नव्हती, मागं काय चाललंय ते मान वळवून बघता येत नव्हतं. तो पुढं गेलाच नाही. घाम त्याच्या नाकावरून परातीत पडत होता.

तवंग कोपऱ्यात जमला. आता खरी अवघड गोष्ट होती. पाण्याला बाहेर जायला बांधात तोंड पाडायचं, पण फक्त वरच्या कातडीला. एक बोट जास्त खोल पाडलं तर वाफ्यातलं पाणीच धावत सुटतं, तळ ढवळतो, आणि तेल मिठावर बसतं. आत्यानं टाचेनं माती दाबली. थोडी. अजून थोडी. कान लावून ऐकल्यासारखं डोकं वाकडं केलं. मग करंगळीनं शेवटचा चिमूटभर थर काढला.

पाणी निघालं. दोऱ्याएवढं. त्याच्या पाठीवर बसून मोराचे रंग बाहेरच्या नाल्यात उतरायला लागले. आम्ही सगळे त्यांना निरोप देत बसलो. शेवटचा रंग गेला तेव्हा आत्यानं टाचेनं तोंड बंद केलं आणि म्हणाली, "आता ते झाकन लाव. तुझ्या बापाचं आगर हाय काय, फटफटी मुक्कामाला ठेवायला?"

टोपी फळीवर टेकवून मी उरलेलं काम धरलं. शेठच्या पिशवीत नवी जाळी होती, ती घातली. जुनीत खाडीतला निम्मा गाळ होता. फाटलेल्या चकतीला काय करायचं ते सुचेना. आत्यानं कमरेची तंबाखू सोडली. ती सुपारीच्या विरीच्या, म्हणजे झावळीच्या बुडाच्या सालीच्या, तुकड्यात बांधलेली असायची, नागावची विरी, चामड्यासारखी चिवट. कोयत्यानं ती झाकणाच्या आकाराची कापली, चार भोकं पाडली, मी नट आवळले. खाली बोट लावून बघितलं. कोरडं. पुन्हा बघितलं. कोरडं. मग फटफटीला रिकाम्या पोटी, एक पुढं एक मागं, पन्नास पावलं ढकलत काढलं. बुधाजी परात घेऊन आमच्या पुढं चालला, कारण त्याच्याकडे दुसरा रस्ता नव्हता.

उन्हं कलल्यावर आत्यानं मीठ ओढलं. पहिल्या पाटीतलं पाणी निथळून बांधावर रास घातली तेव्हा मी बघायचं टाळलं. शेठनी एक खडा उचलला, उन्हात धरला, दाताखाली फोडला.

"लई सरस," ते म्हणाले. मग डोक्यावरून हात फिरवून, जरा दुःखानं, "टोपी गई, पण मीठ सफेद छे."

बुधाजी राशीभोवती एकदा फिरला. उलट बाजूनं पुन्हा फिरला. काळा खडा शोधत होता असं मी म्हणणार नाही, पण वाकून बघत होता. आत्या फावड्याला टेकून त्याच्याकडे बघत होती. तिनं विचारलं काही नाही. मुकादमाला विचारायचं नसतं.

"पंतांना मी सांगतो," तो शेवटी म्हणाला. आवाज परातीच्या कामानं बसला होता. "आनि कृष्णाबाई, पाऊस सरला की पुढच्या सालासाठी बांधाला माती घालायची हाय. हर वाफ्यामागं दोन मानसं. तुझ्या घरची कोन कोन येनार?"

आत्यानं फावडं खाली ठेवलं. पदरानं तोंड पुसलं, खूप वेळ पुसलं.

"मी," ती म्हणाली. "आनि ह्यो भाग्या."

मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी हो म्हणालो.