बघितली का काल?

बसा. पण बसल्या बसल्या मॅचचं विचारू नका, एवढी मेहरबानी करा.

मी खुर्ची बोलतेय. केस कापायच्या दुकानातली, पाठ मागे झुकणारी, पंप मारला की वर जाणारी, मरून रेक्झिनची खुर्ची. माझ्या मांडीवर बसून माणसं वर्षानुवर्षं एकच वाक्य बोलत आली आणि ते ऐकून माझे कान किटले. खुर्चीला कुठे कान असतात, असं म्हणणार असाल तर तुम्हाला आहेत त्यांचं तुम्ही काय केलंत, ते आधी सांगा.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. वेल्डरने मला पाय दिले आणि एका बाईने अंगावर रेक्झिन चढवलं. ती बाई कामाच्या वेळी तोंडातून अवाक्षर काढत नसे, म्हणून माझी शिवण अजून शाबूत आहे. पंप बसवणाऱ्या दोघांची गोष्ट वेगळी. एकाने विचारलं, "बघितली का काल?" दुसरा हातातला पाना तसाच धरून उत्तर द्यायला लागला आणि माझा शेवटचा नट अर्धाच आवळला गेला. तेव्हापासून माझ्यावर कुणी जास्त वेळ बसलं की मी हळूहळू खाली जाते. बसलेला बोलण्यात रंगलेला असतो. त्याला पत्ताच नसतो. शेवटी आरशात त्याचं फक्त कपाळ उरतं.

मला विकत घेणारा माझा मालक हाताने सोन्यासारखा. त्याचा वस्तरा गालावरून फिरला तर झोपलेल्याची झोप मोडत नाही. पण जिभेने अगदीच दुबळा. दुकान नवीन होतं तेव्हा गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की मालकाची बोबडी वळायची. काय बोलावं? उकाडा आहे, नाहीतर गारवा आहे. तेवढं बोलून झालं की कात्रीचा आवाज, आणि आरशातून एकमेकांकडे बघत बसलेली दोन ओशाळलेली तोंडं.

मग एके दिवशी त्याने चाचरत विचारलं, "बघितली का काल?" आणि समोरचा माणूस जो सुटला तो दाढी होईस्तोवर थांबला नाही. मालकाला किल्लीच सापडली. डॉक्टर असो, दूधवाला असो, सगळ्यांना तीच एक लागू पडत होती.

आता खरी गंमत ऐका. माझ्या मालकाने दुकान टाकल्यापासून एकही मॅच बघितलेली नाही. त्याला कंटाळा येतो. त्याची पद्धत ठरलेली. सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक विमा एजंट. तो रोज दाढीला येणार. त्याला विचारायचं, तो जे बोलेल ते कानात साठवायचं आणि दिवसभर बाकीच्यांना वाटायचं. दुपारी येणारा कॅशियर त्यात स्वतःचं तिखटमीठ घालायचा, मग संध्याकाळच्या लोकांना ते तिखटमीठही मिळायचं. दुकान बंद होईपर्यंत एजंटचं मत आख्ख्या रस्त्याचं मत झालेलं असायचं.

आणि ते सगळे तरी कुठे बघत होते? ज्याने खरंच बघितली, तो तावातावाने भांडतो. ज्याने बघितली नाही, तो मान हलवून म्हणतो, "काय खेळले ना!" माझ्या मांडीवर मान हलवणारेच जास्त. बघितली नाही म्हणायला जीभ रेटत नाही यांची. जसं काही तुरुंगात टाकणार आहे कुणी!

एकदा एक गवंडी आला. दाढीचं जंगल झालेलं, डोळे सुजलेले. त्याची बायको मुलांना घेऊन निघून गेल्याचं मला आदल्याच दिवशी कळलं होतं, कारण दुकानात बाकीचे लोक तो नसताना तेच बोलत होते. तो समोर आल्यावर मात्र सगळे पेपरात तोंड खुपसून बसले. मालकाने कापड बांधलं आणि विचारलं, "बघितली का काल?" गवंड्याने तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा बोलणार. त्याची बोटं माझ्या हातात रुतली होती. पण त्याने तोंड मिटलं आणि म्हणाला, "हो. चांगली झाली." तो मानेवर पावडर मारून घेऊन निघून गेला. तेव्हा मला या माणसांची किळस आली. समोरचा बुडत असला तरी हे काठावरून धावसंख्या विचारतील.

आता दादाबद्दल सांगते. दादा म्हणजे मालकाचा थोरला भाऊ. बसचा कंडक्टर होता, आता निवृत्त. काय आवाज होता त्या माणसाचा! "चला, पुढे सरका!" म्हणाला की दुकानातले रिकामे स्टूलही सरकतील असं वाटायचं. दर पंधरवड्याला रविवारी तो दाढीला यायचा. आईवडील गेलेले, दादाची बायकोही गेलेली. रक्ताचं म्हणावं असं दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. आणि एवढे हे दोघे सख्खे भाऊ बोलायचे काय? मॅच! बघितली का, बघितली, काय खेळले ना, चल येतो. संपलं भावाचं प्रेम.

मग दादाचा आवाज बसायला लागला. आधी घोगरा, मग फाटका. एका रविवारी त्याच्या गळ्यावरून फिरताना मालकाचा वस्तरा एका जागी थबकला. बोटांनी त्याने तिथली कातडी ताणून बघितली, सोडली, परत बघितली. दादाने श्वास रोखून धरला. बोल ना मेल्या, असं मी मनात म्हटलं. मालक बोलला. म्हणाला, "बॉलिंग काही बरोबर होत नाहीये आपली."

पुढच्या पंधरवड्यात तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. वस्तरा त्या जागेला वळसा घालून जायचा आणि मालकाची जीभ दुप्पट वेगाने चालायची. दादा निघताना दारात घुटमळायचा, "अरे, ऐक..." म्हणायचा, आणि मालक घाईघाईने म्हणायचा, "पुढची मॅच जिंकतील बघ!" माझा बाकी कशाकशावरचा राग एकीकडे, आणि हा एकीकडे.

शेवटी तो रविवार आला. सकाळी एजंट बसला तो फुगूनच. "काका, काय मॅच झाली काल! जेवून जरा डोळा लागला होता, टीव्ही चालूच. जाग आली तर शेवटचा चेंडू. शेवटचा गडी, हाताला ही एवढी पट्टी बांधलेली, आणि एका हाताने षटकार!" मालकाने ते साठवलं. डॉक्टरला दिलं. डॉक्टर म्हणाला, "काय मारला ना!" कॅशियरने तर पट्टीतून रक्त कसं ठिबकत होतं तेही सांगितलं. दूधवाल्याने ते रक्त टीव्हीवर जवळून दाखवल्याची ग्वाही दिली. दिवसभर माझ्या मांडीवर एका हाताने षटकार मारले जात होते.

संध्याकाळी दादा आला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मालकाने फेस लावला आणि सुरू झाला, "बघितली का काल? शेवटचा चेंडू, पट्टी बांधलेला गडी..."

"थांब," दादा म्हणाला. आवाज इतका खोल गेला होता की मालकाला वाकावं लागलं. "काल मॅच नव्हती."

"नव्हती कशी? सगळ्यांनी बघितली!"

"जुनी दाखवत असतील. अरे, ही मॅच आपण दोघांनी ऐकलीय. रेडिओवर. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून, बाबा वर वॉर्डात होते तेव्हा. तुला आठवलं नाही?"

मालकाचा ब्रश हातातच राहिला. "मी ऐकतच नाही रे दादा, लोक काय सांगतात ते. नुसतं पुढे सांगतो."

"तो षटकार बसला तेव्हा आपण एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो होतो. लोक हसत होते, मॅचसाठी काय रडतात म्हणून." दादा जरा थांबला. "मला डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, बाबा घरी येणार नाहीत. मी मॅचसाठी रडत नव्हतो."

मालकाने ब्रश वाटीत ठेवला. मग म्हणाला, "मलापण सांगितलं होतं. मीपण मॅचसाठी रडत नव्हतो."

दिवसभर ज्या मॅचवर आख्खा रस्ता तोंडची वाफ दवडत होता, ती कधीच होऊन गेली होती. कुणीच काल काही बघितलं नव्हतं. मी मनसोक्त हसले असते, पण दादा माझे दोन्ही हात घट्ट धरून बसला होता.

"तुझ्या बोटांना गाठ लागली ना?" दादाने विचारलं.

"लागली."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस," मालक म्हणाला. असलं भेकड उत्तर मी आजवर ऐकलं नव्हतं, पण निदान ते खरं होतं.

दादाने सांगून टाकलं. परवा ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल म्हणतात, आवाज राहणार नाही. "मला एकट्याला जायची भीती वाटते, धाकट्या. आणि त्याआधी मला बोलायचंय. काहीही. पण मॅच सोडून."

तेवढ्यात दार ढकलून एक गिऱ्हाईक आत डोकावलं. "काय काका, बघितली का काल?"

"नाही," मालक म्हणाला. "मी मॅच बघत नाही. कधीच बघितली नाही. दुकान बंद आहे." त्या माणसाचं तोंड असं झालं, जणू मालकाने त्याच्या थोबाडीत मारली.

मालकाने शटर अर्धं ओढलं, अर्धी दाढी तशीच ठेवून स्टूल घेतलं आणि दादासमोर बसला. दादा बोलत राहिला. आईबद्दल, बायकोबद्दल, बसमध्ये सापडलेल्या आणि त्याने घरी नेऊन वाढवलेल्या एका मांजरीबद्दलही. गालावरचा फेस वाळून गेला. मी नेहमीसारखी हळूहळू खाली जात होते. या वेळी आरशात दादाचं कपाळ तेवढं उरलं, तरी दोघांपैकी कुणीही आरशाकडे बघत नव्हतं.

आता मी दुकानात नसते. दादाच्या गळ्याला खाली एक भोक आहे, तो त्यातून श्वास घेतो. दुकानातले उडते केस आणि पावडर त्यात गेली तर जिवावर बेतेल. म्हणून मालकाने मला टेम्पोत घालून दादाच्या गॅलरीत आणून ठेवलं आणि दुकानात नवी खुर्ची घेतली. नवीला माझी सहानुभूती आहे. इथे मालक दादाची दाढी करतो, भोकाजवळ पाण्याचा थेंब जाऊ देत नाही. दादा माझ्या हातावर बोटाने वाजवतो, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. जन्मभर मुखदुर्बळ असलेल्या माझ्या मालकाला आता दोघांच्या वाटचं बोलावं लागतं. त्याला ते अजूनही नीट जमत नाही. पण तो प्रश्न विचारतो आणि माझ्या हाताकडे बघत थांबतो.

परवाची गोष्ट. वरच्या मजल्यावरचा शेजारी जिन्यात थांबला. त्याला ऑपरेशनचं सगळं माहीत आहे. गॅलरीत डोकावून म्हणाला, "काय दादा, बघितली का काल?"

दादाने माझ्या हातावर दोनदा वाजवलं.

"वा वा! शेवटी शेवटी काय मजा आली ना!" शेजारी म्हणाला आणि खुशीत वर निघून गेला.

बघितलंत? ज्याला आवाजच नाही त्यालाही विचारलं, आणि उत्तर न घेता समाधानाने गेला. दादा हसायला लागला. आवाज नव्हता, पण माझा तो अर्धवट आवळलेला नट खडखडला, इतका हसला. मालकही डोळे पुसत हसला. मग वस्तरा पुसून त्याने विचारलं, "आज गिळताना दुखतंय का रे?"

एकदा वाजलं. मालकाने स्टूल ओढलं आणि बसला.

आता तुम्ही उठा. माझी गादी फाटली आहे आणि तुम्ही किती खाली गेलात ते तुमच्या लक्षात आलेलं नाही. घरी जा आणि कुणाला तरी असं काहीतरी विचारा की उत्तरासाठी थांबावं लागेल. तुमच्याने ते होईल असं मला वाटत नाही. नाहीच जमलं, तर काय, मॅच आहेच.