चव्वेचाळिसावे कार्ड

पेटीत त्रेचाळीस कार्डे होती. धाकटीने ती दोनदा मोजली आणि टेबलावर दोन ढीग केले. रसायनशास्त्र शिकून शब्दकोशाच्या कचेरीत आलेली ही मुलगी मोजल्याशिवाय काहीच मान्य करत नसे, म्हणून तिथे तिला मोजपट्टी म्हणत.

शब्द होता ‘मर्यादशील’. प्रत्येक कार्डावर कुठेतरी कानावर पडलेले एक वाक्य, तारीख, आणि कोण कोणाबद्दल बोलले त्याची नोंद.

“समाजाच्या रीतीभाती पाळून वागणारी व्यक्ती, असा अर्थ लिही,” संपादक चष्मा पुसत म्हणाले. “यात अडलं कुठे?”

“सर, एकेचाळीस वाक्यं बायकांबद्दल आहेत. आणि स्वतःबद्दल बोललेलं एकही नाही.”

“मोजपट्टी, उद्या दुपारी पान छापायला जायचंय.”

“सकाळपर्यंत थांबा.”

घरी ताई खिडकीपाशी बसली होती, डावा हात प्लास्टरमध्ये. आठ दिवसांपूर्वी ती एका बॅगेनिशी सासरहून आली होती. जिन्यावरून पडले, एवढेच म्हणाली होती. तिचे सासर तळमजल्यावर होते. हे धाकटीला ठाऊक होते, आईलाही.

आई फोनवर ताईच्या सासूशी बोलत होती.

“नाही हो विहीणबाई, काळजी कसली? आमची मुलगी मर्यादशील आहे. रविवारी येईल आपण होऊन.”

सवयीने धाकटीने पर्समधून कोरे कार्ड काढले. पेन टेकवले आणि तशीच थांबली.

“लिही की,” ताई म्हणाली. “कामच आहे ना तुझं?”

“अशी त्रेचाळीस आहेत गं. सगळी दुसऱ्याच कुणाबद्दल बोललेली.”

ताई प्लास्टरचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिली. मग उठली आणि आईच्या हातून फोन घेतला.

“सासूबाई, मी बोलतेय. मी मर्यादशील नाही. मी पडलेही नव्हते, तुम्ही तिथेच होतात. रविवारी मी येणार नाही.”

फोन ठेवला गेला. आई खुर्चीत बसली.

“लोक काय म्हणतील गं?”

“म्हणू देत,” ताई म्हणाली. “ही लिहून घेईल.”

तोवर धाकटीने त्या कोऱ्या कार्डावर आईचे नव्हे, ताईचे वाक्य लिहिले होते.

सकाळी तिने पेटीवरची नोंद बदलली. एकूण कार्डे चव्वेचाळीस. बायकांबद्दल बेचाळीस. स्वतःबद्दल एक.