मुशीच्या तेलाची गाडी

गोजराचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. कामोठ्याच्या माळावर झाडाचं एक पान नव्हतं, वर ऊन आग ओकत होतं आणि तिचा नवरा तुळशीराम त्या हिरव्या लष्करी ट्रकला चिंधीनं मुशीचं तेल चोळत होता. होय, मुशी माशाचंच. होडीच्या लाकडाला रंगाआधी चोळतात ते. ज्यानं उभ्या जन्मात होडीशिवाय काही रंगवलं नाही, त्याला लोखंड कुणी शिकवायचं?

"अरं, तो लोखंड हाय," गोजरा म्हणाली. "लोखंड काय तेल पितो? वरचा रंग कवा वालंल?"

"होरीला वालतो, मंग हिला बी वालंल. तू गप बस."

आमच्या सारसोळ्याच्या कोळीवाड्यात बायका नवऱ्याला अहोजाहो करत नाहीत, आणि गप तर मुळीच बसत नाहीत. पण आज वेळ नव्हता म्हणून गोजरानं तोंड आवरलं आणि निळ्या रंगाच्या डब्यात कुंचला बुडवला.

लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्या एका दलालानं लिलावात उचलून या माळावर, तारेच्या कुंपणात उभ्या केल्या होत्या. तुळशीरामनं त्यातली एक घेतली. भाताचं शेत नव्या शहराच्या आखणीत गेलं, त्याचं जे आलं ते सगळं या गाडीत गेलं. दलालाच्या अटी दोन. हिरवा रंग लष्कराचा, तो पुसल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही. आणि आज पाचच्या आत ती बाहेर गेली नाही, तर सौदा मोडला, दिलेलं बुडालं. वर आणखी, लिलावाच्या दिवशी दिसलेली बॅटरी आज जागेवर नव्हती.

"बॅटरी सौद्यात नव्हती," फाटकावरचा कारकून खुर्चीतून न उठता बोलला होता. "कागद वाचा ना. आपल्याला खालीपिली टेन्शन नको."

"त्या दिशी व्हती ना?" गोजरा त्याच्या अंगावर गेली होती. "मंग तिला काय पाय फुटलं?"

"बाई, पाच वाजता फाटक बंद."

त्याला मुशीसारखा उभा चिरावा असं तिला वाटलं. पण गाडी हाकायला सोबत आणलेला शिवराम ड्रायव्हर मध्ये पडला. शिवराम साताऱ्याकडचा, पलटणीत पंधरा वर्षं असल्याच गाड्या हाकून आलेला. त्यानं सीटखाली हात घालून वाकडी लोखंडी दांडी काढली. "बॅटरी गेली खड्ड्यात, वैनी. हँडल हाय. हे फिरवून गाडी चालू करतो. फकस्त वाटंत बंद पडाय नगं."

मग तिघं कामाला लागले. रंग 'बायजा'साठी आणलेला होता. बायजा म्हणजे त्यांची होडी, सासूच्या नावाची. तीन महिने ती धक्क्यावर पालथी पडली होती. दार निळं झालं, नाक निळं झालं, खालची पट्टी होडीसारखी लाल झाली. तेलावर रंग बसेना, ओघळ येत होते आणि वास असा सुटला की कारकुनानं खुर्ची उचलून लांब नेली. गोजराला तेवढंच बरं वाटलं.

राग होता, तरी ती मन लावून रंगवत होती. कारण गाडी तिची होती. तुळशीरामनं तिला तसं सांगितलं होतं. चौदा वर्षं डोक्यावर मासळीची पाटी. मान आखडली होती, टाळूवरचे केस विरळ झाले होते. "आता पाटी उतरव," तो म्हणाला होता. "आपली, शेजारच्या करावची, दिवाल्या गावची, सगल्या कोलनींची मासली गारीत घालू न् बाजारात नेऊ." त्या शब्दावर तिनं शेताच्या कागदाला अंगठा दिला होता.

साडेचार वाजले. शिवराम गाडीच्या मागं गेला, माल उतरवायला उघडतो तो फळीचा फाळका हलवून बघितला आणि सहज बोलून गेला, "तुळशीराम, हा फाळका लई घट्ट बसलाय. खाडीत मुरूम उलटताना दर खेपंला तरास हुईल. तेल घाल जरा."

गोजराचा कुंचला थांबला.

"कुटल्या खारीत?"

शिवराम चपापला. त्याला वाटलं, घरच्या बाईला माहीत असणारच. तुळशीराम खाली बघत चिंधी पिळत राहिला.

"मी विचारलं, कुटल्या खारीत मुरूम?"

"आपल्याच," तुळशीराम हळूच म्हणाला. "जयदेवला भरावाचं काम मिललंय. रोजच्या सहा फेऱ्या देतो बोल्लाय. मी शबूद दिलाय."

जयदेव त्यांच्याच आळीतला. त्याच्या बापानं आणि तुळशीरामच्या बापानं एका होडीत जाळं टाकलं होतं. आता तो मुकादमाचा ठेकेदार झाला होता.

गोजरानं कुंचला डब्यात टाकला. ती चालत पुढं गेली, बंपरला टेकवलेलं हँडल उचललं आणि बाजूच्या टायरवर जाऊन बसली. हँडल मांडीवर आडवं.

"वैनी, वीस मिन्टं ऱ्हायली," शिवराम म्हणाला.

"ऱ्हाऊ दे."

"गोजरे, हँडल दे," तुळशीराम म्हणाला. "पाच वाजलं त सगला जाईल."

"जाऊ दे. शेत गेला, हे बी जाऊ दे. ज्या खारीनं तुज्या बापाला पोसला, तुला पोसला, तिच्या तोंडात तू माती घालनार? न् त्या गारीला मी रंग लावतंय? लाज कशी न्हाय वाटली तुला?"

"मंग काय करू?" आता तोही पेटला. "जालं टाकला त चिखल न् गाल येतो. बायजा पालथी घालाच्या आदी तीन दिस बसलो तवा एक पाटी भरली. मी न्हाय टाकली माती त दुसरा टाकनारच हाय. मंग आपन कनाला उपाशी मरायचं?"

"दुसरा टाकंल त त्याचं पाप त्याला. मना खोटं कनाला बोल्लास?"

तुळशीरामनं चिंधी खाली टाकली. कुंपणापलीकडून कारकुनानं घड्याळाकडं बोट दाखवलं. फाटकाची साखळी वाजली.

"खरं सांगू?" तुळशीराम तिच्यापुढं उकिडवा बसला. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते. "मना बी न्हाय घालायची माती. पन जयदेव वाट बगतंय उरन फाट्यावर. त्याच्या तोंडावर नाय बोलायला मना जमनार न्हाय. ल्हानपनापास्नं न्हाय जमलं."

गोजरानं त्याच्याकडं बघितलं. तिला त्याचा संताप आला आणि कीवही आली, आणि कीव आली म्हणून जास्तच संताप आला.

"मना जमतं," ती म्हणाली. ओटीतला नारळ काढून तिनं गाडीच्या निळ्या नाकापुढं दगडावर फोडला, नव्या होडीपुढं फोडतात तसा. "हा नारल मासलीच्या गारीला फोरलाय. आई एकवीरा बगतंय. आता फिरव."

तिनं दिलेलं हँडल शिवरामनं लावलं. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा हँडल उलटं फिरून त्याच्या मनगटाला लागलं आणि त्यानं पलटणीतली एक शिवी हासडली. मग तुळशीराम आणि तो दोघं भिडले. इंजिन खोकलं, त्यानं काळा धूर ओकला आणि ते थडथडायला लागलं. फाटकातून गाडी निघाली तेव्हा कारकुनाचा हात साखळीवर होता. गोजरा त्याच्याकडं बघून थुंकली.

उरण फाट्यावर जयदेव उभा होता, पांढऱ्या झब्ब्यात. मागं मुरमानं भरलेल्या गाड्यांची रांग. त्यानं हात केला. शिवरामनं इंजिन चालू ठेवूनच गाडी उभी केली.

"ये तुलशा, लाव रांगंत," जयदेव म्हणाला आणि दारावर पंजा टेकवून आत डोकावला. तुळशीराम समोरच्या काचेतून बघत राहिला. गोजरा नवऱ्याच्या पुढून दाराकडं वाकली.

"गारी मासली व्हानार, जयदेव भावजी. मातीला दुसरी बगा."

जयदेव हसला. "वैनी, दोन वर्सांनी खारीच ऱ्हानार न्हाय. मंग मासली कटशी आनशील?"

"जवर हाय तवर हितली आनीन. मंग उरनशी आनीन. पन तुजी माती हिच्यावर चरनार न्हाय. हात कार."

त्यानं हात काढला. पंजा निळा झाला होता. त्यानं तो झब्ब्याला पुसला, मग वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. शिवरामनं गियर टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गाडीत अकरा पाट्या चढल्या. जयदेवच्या गाड्या त्याच रस्त्यानं खाडीकडं माती घेऊन जात होत्या, आणि पुढंही जात राहिल्या. तुळशीरामच्या गाडीचा रंग वाळायला महिना लागला. दारावरची पाच बोटं तशीच राहिली. त्यानं ती दोनदा रंगवायला घेतली, पण गोजरानं दोन्ही वेळा त्याच्या हातातून डबा काढून घेतला.