दर्शनी भागातली पाटी

घोडबंदर रोडवरच्या हॉटेलात आम्हाला दोन दिवस विश्वास शिकवला. "निर्वासितांचा विश्वास कसा मिळवाल?" असं विचारत एक पोरगी भिंतीवर गुलाबी चिठ्ठ्या चिकटवत होती. नर्गिसच्या खोलीची दुसरी किल्ली तेव्हा माझ्या पर्समध्ये होती. तीन वर्षं होती. मी चहा प्यायले.

नर्गिस काबूलची. मानपाड्यात माझ्या शिवणवर्गाच्या मागच्या गल्लीत राहायची, कपड्यांच्या कारखान्यात जायची. तिच्या झोहराला फिट यायच्या. आई कामावर असताना कुणीतरी दार उघडायला हवं, म्हणून ती किल्ली. घरमालक जगननं रीतसर कागद करून खोली दिली होती, अट एकच: बोभाटा नको. गल्ली त्यांना काश्मिरी समजायची आणि आम्ही कुणाचा समज दुरुस्त केला नाही. एवढंच आमचं समाजकार्य.

झोहराचा डॉक्टर आणि गोळ्या मात्र कोलशेतला ऑफिस असलेली मोठी संस्था बघायची. तीन वर्षांत ते लोक दोनदा आले, दोन्ही वेळा कॅमेरा घेऊन. आता त्यांच्या वरच्यांना साक्षात्कार झाला की मदत स्थानिकांच्या हाती द्यावी; हॉटेलातलं ते ट्रेनिंग त्यासाठीच.

"शालनताई, आता तुम्हीच लीड करायचं. आम्ही फक्त मागे," त्यांचा ऋतुराज म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे वाहन धोरण मागितलं. माझ्याकडे सायकलसुद्धा नाही. तेही लिहून दिलं, कारण करारावर सही केली नाही तर गोळ्या बंद होणार होत्या.

शेवटी तो शिवणवर्गाच्या दारावर लावायची पाटी घेऊन आला. 'अफगाण निर्वासित सहाय्य केंद्र.'

"इथे पाटी नको रे. लोक त्यांना राहू देणार नाहीत."

"ताई, दर्शनी भागात बोर्ड कंपल्सरी आहे. डोनरला दिसायला नको का?"

म्हणजे नेतृत्व माझं, आणि माझ्या दारावर काय टांगायचं ते ठरवणार कोलशेत! निर्वासितांच्या नावानं पगार घेणाऱ्या या शहाण्याला एवढं कळत नव्हतं, की त्या बाईला कुणाच्या नजरेत यायचं नव्हतं.

पण खोटं कशाला बोलू? पाटीवर खाली 'अध्यक्षा' म्हणून माझं नाव होतं. ते वाचून मला बरं वाटलं. मी विरोध गिळला आणि आठवडाभर रोज सकाळी ती पाटी ओल्या फडक्यानं पुसली.

आठव्या दिवशी जगन दारात उभा राहिला. "अतिरेकी ठेवलेत का, विचारतात लोक पाटी वाचून. मी सांगितलेलं ना ताई, बोभाटा नको म्हणून? त्यांना खोली सोडायला सांगितलीय."

मी हातापाया पडले. पाटी उपटून काढली. तो बधला नाही.

चार दिवसांनी ऋतुराजचा फोन आला. "ताई, रिपोर्ट गेलाय. लोकल पार्टनरची कपॅसिटी कमी पडली, असं आलंय त्यात. टेन्शन नका घेऊ, परत ट्रेनिंग लावू. नर्गिसचा नवीन पत्ता तेवढा टाका, झोहराच्या गोळ्या पाठवायच्यात."

त्याला चार शिव्या हासडायच्या होत्या. फोन ठेवून दिला.

नर्गिस सकाळीच येऊन गेली होती, झोहराला धरून, किल्ली परत मागायला. मी दिली आणि नवा पत्ता विचारला. तिनं दारावरच्या, पाटीच्या दोन रिकाम्या खिळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आपको नहीं, दीदी."